पुस्तकात असे नव्हते!

पत्र: माझे वय पन्नाशीच्या पुढचे, राहणार ठाणे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना एका मित्राने मला डग्लस ॲडम्स यांची ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’ ही इंग्रजी विनोदी कादंबरी दिली. ठाण्याहून व्हीटीला जाताना चौथ्या सीटवर अर्धवट टेकून मी ती वाचली आणि शेजारच्या काकांनी ‘काय झालं हो?’ असे विचारीपर्यंत हसलो. तेव्हापासून आम्हा चार मित्रांचे निम्मे बोलणे त्या पुस्तकातल्या वाक्यांतच चालते. मागच्या महिन्यात अकरावीतल्या मुलीने घरी त्यावरचा २००५ सालचा चित्रपट लावला. तिला तो फार आवडला. मी मात्र दर थोड्या वेळाने ‘पुस्तकात असे नव्हते’ म्हणत तो थांबवत राहिलो. विनोद छाटलेले, नायक आर्थर आणि ट्रिलियन या तरुणीचे नसते प्रेमप्रकरण वाढवलेले, कुठून तरी आणलेला नवा खलपुरुष, समोरच्याला आपला दृष्टिकोन दाखवणारी ती बंदूक आणि आकाशगंगेचा दोन डोक्यांचा अध्यक्ष झेफॉड याच्या दुसऱ्या डोक्याची केलेली दैना, हे सगळे मला सहन होईना. शेवटी ‘बाबा, तुमचं पुस्तक तुम्हालाच लखलाभ’ असे म्हणून ती उठून गेली. आता ती पुस्तकाला हात लावत नाही. पेन्सिलीने खुणा केलेली माझी प्रत मी तिच्या टेबलावर ठेवली, तर ती दुसऱ्या दिवशी माझ्या उशाशी परत आली. वाशीचा मित्र म्हणतो, ज्याला तो चित्रपट आवडतो त्याने पुस्तक वाचलेलेच नाही असे समजावे. तो स्वतः चित्रपट अर्ध्यात सोडून उठला होता. पत्नी म्हणते, एवढ्याशा सिनेमावरून घरात अबोला कशाला? चित्रपट खरेच वाईट आहे, की मीच हट्टी झालो आहे? आणि मुलीला पुस्तकाकडे कसे आणावे?

ता. क. येत्या २५ मे रोजी तोच मित्र खांद्यावर टॉवेल टाकून तलावपाळीला जमण्याचा बेत करतो आहे. जावे का?

— एक चाहता, ठाणे

उत्तर:

स. न. वि. वि.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊन टाकते. चित्रपट तुम्ही म्हणता तितका वाईट नाही, आणि तुम्ही थोडे हट्टीही आहात. परंतु ‘एवढ्याशा सिनेमावरून’ हे तुमच्या पत्नीचे म्हणणे मला पूर्णपणे पटत नाही. तुम्हाला जे टोचले ते क्षुल्लक नव्हते. मात्र ते नेमके काय आहे हे तुमचे तुम्हालाच उमगलेले नसल्यामुळे तुम्ही त्या संध्याकाळी भलत्याच गोष्टींवर बोट ठेवत बसलात, असे पत्र वाचताना मला सारखे वाटत होते.

रहस्यकथा किंवा ऐतिहासिक कादंबरी पडद्यावर आली की तिचा वाचक प्रसंग तपासतो: अमुक पात्र कुठे गेले, तमुक लढाई का गाळली, शेवट का बदलला. विनोदी कादंबरीच्या चाहत्याचे तसे नसते. त्याला कथानक पुष्कळदा धड आठवतही नाही, पण वाक्ये मात्र स्वल्पविरामासकट पाठ असतात. तुमच्या लाडक्या पुस्तकाचे कथानक सांगायचे झाले तर ते दोन वाक्यांत आटोपते. आर्थर डेंट नावाच्या एका साध्या इंग्रज माणसाचे घर बायपाससाठी पाडायला बुलडोझर येतो आणि त्याच दिवशी व्होगॉन नावाची सरकारी खाक्याची परग्रहवासी जमात अवकाशातल्या बायपाससाठी अख्खी पृथ्वीच पाडून टाकते. मग अंगावरच्या ड्रेसिंग गाउनसह आर्थर आपल्या परग्रहावरून आलेल्या मित्राबरोबर विश्वात भरकटत राहतो. एवढ्यावर कोणी लोकलमध्ये खो-खो हसणार नाही. तुम्ही हसलात ते हे सगळे सांगणाऱ्या माणसाच्या आवाजाला, त्याच्या गंभीर चेहऱ्याला आणि वाक्य कुठे मोडायचे याच्या त्याच्या अचूक जाणिवेला.

एकच उदाहरण घेते. व्होगॉनांची अवाढव्य याने पृथ्वीवर येऊन थांबतात तेव्हा लेखक म्हणतो की, विटा जशा हवेत तरंगत नाहीत, नेमकी तशीच ती याने आकाशात तरंगत होती. आता हे वाक्य चित्रित करून दाखवायचे कसे? दिग्दर्शक यान दाखवील, ते पिवळे दाखवील, बोजड आणि बेढब दाखवील, त्याची सावली शहरावर पाडील. परंतु ‘तरंगत नाहीत’ यातला नकार कॅमेऱ्याला दाखवता येत नाही. सगळा विनोद तर त्या नकारात आहे. वाचणाऱ्याचे मन आधी विटा तरंगताना बघते, मग त्या तरंगत नाहीत हे त्याला आठवते, आणि मग तोच चमत्कार यानांना लावावा लागतो. डोक्याची ही जी क्षणभर फजिती होते, तिचे हसू येते. पडद्यावर यान आधीच दिसून गेलेले असते, त्यामुळे मनाला काही करायचे उरतच नाही. तुम्ही ‘विनोद छाटलेले’ अशी तक्रार करता तेव्हा त्यातले पुष्कळसे असे आहेत की ते छाटले नसते तरी पडद्यावर पोचले नसते.

मराठी माणसाला हे समजायला खरे म्हणजे अवघड जाऊ नये. पुलंच्या कथाकथनाच्या ध्वनिफिती ज्या घरांत वाजल्या, त्या घरांतल्या मंडळींना ते विराम, ते खाकरणे, शब्दावर मध्येच दिलेला तो हेलकावा हे सगळे मजकुराइतकेच पाठ असते, आणि म्हणून दुसरा कोणी कितीही गुणी नट तोच मजकूर म्हणू लागला की ‘चांगले आहे, पण…’ असे म्हणून माणसे गप्प होतात. ‘बटाट्याची चाळ’ रंगमंचावर नेताना खुद्द पुलंनी काय केले ते बघा. त्यांनी नेपथ्यकाराकडून चाळ बांधून घेऊन तिच्यात वीस-पंचवीस नट भरले नाहीत. ते एकटे उभे राहिले आणि त्यांनी चाळ सांगितली. विनोदी लेखनात निवेदक हाच नायक असतो हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. तुमच्या कादंबरीचे मूळही असेच कानांसाठीचे आहे. बीबीसीच्या नभोनाट्यात आणि नंतरच्या दूरचित्रवाणी मालिकेत निवेदकाचा आवाज पीटर जोन्स यांचा होता, तर चित्रपटात तो स्टीफन फ्राय यांचा आहे. फ्राय यांचे काम चोख आहे, तरीही ज्यांच्या कानांत जोन्स यांचा तो किंचित गोंधळलेला, सोशिक सूर बसला होता, त्यांना तो आवाज परकाच वाटला. तेव्हा तुम्हाला झालेले दुःख हे आवाज बदलल्याचे दुःख आहे. ते खरे आहे आणि त्याची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही.

मात्र यावर इलाजच नाही असेही समजू नका. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःच्या तोंडाने स्वतःची फजिती सांगतो. आपण किती बावळट दिसतो आहोत हे त्याला कळत नाही आणि वाचकाला कळते, अशी ती रचना आहे. दूरदर्शनवर हे सांगणारा ‘मी’ मागे पडला आणि सगळा भार दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर आला, तरीही बाळ कर्व्यांच्या गुंड्याभाऊसह तो चिमणराव घराघरांत आपला झाला. वाक्याने होणारे काम तिथे नटाच्या भाबड्या, दचकलेल्या नजरेने करून टाकले. तुमच्या चित्रपटात मार्टिन फ्रीमन यांनी आर्थरसाठी बऱ्याच ठिकाणी हेच साधले आहे. जग बुडाले तरी चहाचा कप कुठे मिळेल याची विवंचना असलेला तो चेहरा पुन्हा एकदा, थांबवा-थांबवी न करता बघा. मार्विन हा खिन्न यंत्रमानव तर ॲलन रिकमन यांच्या आवाजामुळे पुस्तकातल्यापेक्षाही अधिक कंटाळलेला झाला आहे, असे मी धीर करून म्हणते. आणि आकाशात अकस्मात उत्पन्न झालेला, जमिनीवर आपटेपर्यंतच्या थोड्याशा अवधीत स्वतःची ओळख करून घेणारा तो व्हेल मासा! तिथे दिग्दर्शकाने शहाणपण दाखवले, निवेदनाला आणि स्वगताला हात लावला नाही, आणि तो प्रसंग पडद्यावर जसाच्या तसा उभा राहिला.

जिथे चित्रपट खरोखरच चुकला ती जागा तुमच्या यादीत ‘विनोद छाटलेले’ या मोघम शब्दांत झाकून गेली आहे, म्हणून ती वेगळी काढते. घर पाडण्याचा आराखडा ‘जाहीर प्रदर्शनात ठेवलेला होता’ असे अधिकारी आर्थरला सांगतो. पुस्तकात यावर जी जुगलबंदी होते ती तुम्हाला तोंडपाठ असणार. आराखडा बघायला तळघरात उतरावे लागले, तिथे दिवे नव्हते, जिनाही नव्हता, आणि शेवटी आराखडा सापडला तो एका कुलूपबंद कपाटाच्या तळाशी, ते कपाट एका बंद पडलेल्या शौचालयात, आणि दारावर पाटी ‘बिबट्यापासून सावध राहा’. चित्रपटात या संवादाला कात्री लागली आणि बिबट्याची पाटी गेली. हा संवाद एकेक पायरी खाली उतरत जातो, आणि सगळ्यात खालची पायरी काढून टाकली की वरच्या पायऱ्यांनाही अर्थ उरत नाही. पैसा, तंत्र किंवा माध्यमाची मर्यादा यांपैकी कशाचीही सबब इथे चालण्यासारखी नाही. दोन नट समोरासमोर उभे होते, त्यांनी आणखी अर्धे मिनिट बोलायचे होते, इतकेच. तुमचा राग या जागी मला शंभर टक्के मान्य आहे. शिवाय ठाणेकराला तर हा विनोद दुप्पट कळतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात, आणि ती जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या कोणत्या कोपऱ्यात किती बारीक टाइपात येते हे रस्ता रुंदीकरणात ओटा गेलेल्या कोणालाही विचारावे. बिबट्याचे म्हणाल तर तो आपल्याकडे अतिशयोक्ती म्हणूनसुद्धा चालत नाही. येऊरचे जंगल शहराला लागून आहे आणि २०१९ च्या फेब्रुवारीत एक बिबट्या ठाण्यातल्या मॉलच्या आवारात येऊन गेला होता.

आता तुमच्या हट्टाकडे वळते. ‘पुस्तकात असे नव्हते’ हे वाक्य इतर कोणत्याही कादंबरीच्या बाबतीत जरा तरी टिकले असते. या कादंबरीच्या बाबतीत ते फारच लंगडे आहे. ही कथा मुळात पुस्तक नव्हतीच. ८ मार्च १९७८ रोजी बीबीसी रेडिओ ४ वर ती नभोनाट्य म्हणून सुरू झाली. कादंबरी आली ती १९७९ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि तीसुद्धा नभोनाट्याच्या पहिल्या मालिकेतला साधारण चार भागांपर्यंतचाच मजकूर घेऊन, तोही जागोजागी बदलून. त्यानंतर ध्वनिमुद्रिका झाल्या, १९८१ मध्ये दूरचित्रवाणी मालिका झाली, १९८४ मध्ये संगणकावरचा खेळ झाला, आणि प्रत्येक वेळी ॲडम्स यांनी काही घातले, काही काढले, काही उलटेपालटे केले. हे सगळे अवतार एकमेकांशी जुळत नाहीत हे ते स्वतःच खुशाल सांगत असत. नभोनाट्य आधी ऐकलेल्या श्रोत्यांपैकी कोणी कादंबरी हाती घेऊन ‘रेडिओवर असे नव्हते’ म्हणाला असता, तर तुमची लाडकी प्रतही दोषीच ठरली असती.

झेफॉडच्या दुसऱ्या डोक्याचेच घ्या, कारण तुमचा सर्वांत मोठा संताप त्याच्यावर दिसतो. रेडिओवर एखाद्या माणसाला दोन डोकी आहेत असे म्हणायला एका वाक्याचा खर्च येतो. ॲडम्स यांनी ते जाता जाता केलेल्या थट्टेसारखे टाकून दिले होते. त्या एका वाक्याचे कर्ज पुढे प्रत्येक दृश्य माध्यमाला फेडावे लागले. दूरचित्रवाणी मालिकेत नटाच्या खांद्यावर एक यांत्रिक डोके बसवले, ते बहुतेक वेळ डुगडुगत निर्जीवपणे पडून राही. चित्रपटाने ते डोके हनुवटीखाली दडवले आणि मानेला झटका देऊन वर आणले. ही युक्ती मलाही फारशी शोभिवंत वाटली नाही. पण तुम्ही दिग्दर्शक असता तर काय केले असते, याचे उत्तर आधी स्वतःला द्या आणि मग रागवा.

तुम्हाला जे परके वाटले त्यातले काही तर खुद्द लेखकाचे आहे. चित्रपटाचे हक्क १९८२ सालीच विकले गेले होते. त्यानंतर हा प्रकल्प दोन दशके रखडला, ॲडम्स त्याच्या पटकथा पुन्हा पुन्हा लिहीत राहिले, त्यासाठी ते इंग्लंड सोडून कॅलिफोर्नियात राहायला गेले, आणि ११ मे २००१ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी, तिथेच हृदयविकाराने वारले. पुढे कॅरी कर्कपॅट्रिक यांनी त्यांच्या मसुद्यावरून पटकथा पुरी केली. हुमा काव्हुला हा तुमचा ‘कुठून तरी आणलेला’ खलपुरुष आणि ती दृष्टिकोनाची बंदूक या दोन्ही ॲडम्स यांनी खास चित्रपटासाठी घडवलेल्या नव्या कल्पना होत्या, हे निर्मात्यांनी सांगितलेले आहे. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही लेखकाची बाजू घेऊन लेखकालाच टोकत होता. अर्थात लेखकाने केले म्हणून ते चांगलेच झाले असे मुळीच नाही. हुमा काव्हुला पडद्यावर येतो, थोडा वेळ गोंधळ घालतो आणि पुढे त्याचे काय झाले ते कोणी विचारीत नाही, ही ढिलाई लेखकाच्या सहीने भरून निघत नाही. तुमच्यासारखे रागावलेले लोक कमीही नव्हते. ॲडम्स यांच्या एका चरित्रकारानेच चित्रपट प्रदर्शित होण्याआधी त्यावर अतिशय कठोर परीक्षण लिहिले होते, आणि छाटलेल्या संवादांबद्दलची त्याची तक्रार तुमच्या तक्रारीशी बरीच जुळते. तेव्हा तुम्ही एकटे नाही. पण त्या चरित्रकाराने ते परीक्षण चित्रपट पुरा बघून झाल्यावर लिहिले, शेजारी बसलेल्याच्या कानात चित्रपट चालू असताना सांगितले नाही.

प्रेमप्रकरणाबद्दल मात्र मला मुलीच्या खुर्चीत बसून एक गोष्ट तुमच्या नजरेस आणायची आहे. पुस्तकातली ट्रिलियन गणित आणि खगोलभौतिकी अशा दोन पदव्या घेतलेली बाई आहे, पृथ्वी नष्ट झाल्यानंतर उरलेल्या दोनच माणसांपैकी ती एक आहे, आणि तरीही कादंबरीभर तिला करायला काय मिळते? यानाचे आकडे वाचून दाखवायचे, पुरुष मूर्खपणा करू लागले की भुवया उंचवायच्या, आणि मध्येच एखादे शहाणपणाचे वाक्य बोलून गप्प व्हायचे. वयाच्या विशीत चौथ्या सीटवर बसून वाचताना तुमच्या हे लक्षात आले नाही, यात नवल नाही. सोळा-सतरा वर्षांच्या, कदाचित विज्ञान शाखेत शिकणाऱ्या मुलीच्या ते पहिल्या दहा मिनिटांत लक्षात येते. चित्रपटाने ट्रिलियनला राग दिला, अपमान दिला, पृथ्वी कोणाच्या सहीने पाडली गेली हे कळल्यावर झेफॉडवर ती बंदूक रोखण्याची संधी दिली. ते सगळे प्रेमकथेच्या साच्यात बसवले ही आळशी पटकथेची खूण आहे, हे मी मान्य करते. परंतु तुमच्या मुलीला जे आवडले त्यात ट्रिलियनला माणूसपण मिळाले हेही असू शकेल, आणि त्याच वेळी तुम्ही रिमोट उचलून ‘पुस्तकात असे नव्हते’ म्हणालात. तिला ते कसे ऐकू आले असेल याचा विचार करा.

वाशीच्या मित्राच्या सिद्धान्ताबद्दल थोडक्यात. चाहत्यांच्या टोळीत पाठ असलेली वाक्ये ही आतल्या माणसांची खूण असते. तुम्ही चौघे एकमेकांना ओळखता ते त्या खुणेवर. पावणेदोन तासांचा चित्रपट बघून एखादी पोर तीच वाक्ये बोलू लागली की आतल्यांना आपली शिदोरी फुकट वाटली गेल्यासारखे होते. मित्राच्या बोलण्यात पुस्तकाचे प्रेम आहेच, पण ही असूयाही आहे. ती तुमच्यात किती आहे, ते तुम्ही बघा.

आता काय करायचे ते सांगते. मुलीला त्या संध्याकाळबद्दल एकदा, एका वाक्यात, ‘मी तुझा सिनेमा खराब केला, चुकलं’ असे म्हणा. त्याला ‘पण’ जोडू नका. ‘पण पुस्तक वाचलंस तर तुला कळेल’ हे तर मुळीच नको. मग तिची हरकत नसेल तर चित्रपट तिच्याबरोबर पुन्हा बघा आणि रिमोट तिच्या हाती राहू द्या. या वेळी तुमचे काम एवढेच, की ती कुठे हसते ते लक्षात ठेवायचे. तुम्ही हसत नाही अशा जागी ती हसली तर नंतर, जेवताना वगैरे, तिला त्याबद्दल खरोखर उत्सुकतेने विचारा. ती सांगेल ते ऐकून घ्या आणि त्यावर दुरुस्ती सुचवू नका.

पुस्तकासाठी घाई करू नका. तुमची खुणांची प्रत तिने परत ठेवली हे तिने योग्यच केले असे माझे मत आहे. पेन्सिलीने अधोरेखित केलेला विनोद म्हणजे कोणीतरी आधीच हसून ठेवलेला विनोद. वाचणाऱ्याला तिथे पोचण्याआधीच कळते की आता हसायचे आहे, आणि मग हसू येत नाही. समासात तुम्ही विशीत लिहिलेली उद्गारचिन्हे तर बापाच्या धाकासारखीच वाटणार. द्यायचीच असेल तर नवी, कोरी प्रत द्या, आणि तिच्या टेबलावर न ठेवता दिवाणखान्यातल्या कपाटात, इतर पुस्तकांत ठेवा. तिला ती दिसेल. वाचली नाही तरी तो तिचा अधिकार आहे. कित्येक माणसे बिबट्याची पाटी न वाचताही सुखाने जगतात.

त्याआधी मी एक दुसरी वाट धरीन. ही कथा कानांसाठी लिहिलेली आहे, तर ती कानांनीच सुरू करू द्या. १९७८ च्या नभोनाट्याचा पहिला भाग अर्ध्या तासाचा आहे. तुम्ही दोघे कुठे बरोबर प्रवास करत असाल, ठाणे–वाशी गाडीने मावशीकडे निघाला असाल किंवा घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीत गाडीत अडकला असाल, तर तो लावा. त्यात आर्थर फ्रीमन यांचा नाही, सायमन जोन्स यांचा आहे, आणि मुलगी लगेच म्हणेल, ‘सिनेमात असं नव्हतं’. तसे ती म्हणाली तर मनातल्या मनात हसा, बाहेर दाखवू नका. मग तिला सांगा की चित्रपटातही सायमन जोन्स क्षणभर येऊन गेले आहेत, ते शोध. चित्रपट करणाऱ्यांनी जुन्या चाहत्यांसाठी अशा काही गोष्टी ठेवल्या आहेत. व्होगॉनांच्या कचेरीतल्या रांगेत दूरचित्रवाणी मालिकेतला जुना मार्विनही उभा आहे. तुम्ही छाटलेल्या विनोदांचा हिशेब मांडण्यात इतके गुंतला होता, की हे तुमच्याही नजरेतून सुटले असावे, कारण पत्रात त्याचा उल्लेख नाही.

आणि एखाद्या दिवशी घरात महानगरपालिकेच्या कुठल्याशा सूचनेचा विषय निघाला, सोसायटीच्या फलकावर बारीक अक्षरांतली नोटीस लागली, तर आराखडा आणि तळघराचा तो संवाद तुमच्या मराठीत सांगून बघा. वाचून दाखवू नका, सांगा. तळघर, जिना, कुलूपबंद कपाट, शौचालय आणि मग पाटी, अशा एकेक पायरीने. तुम्हाला तो पाठ आहे आणि तुम्हाला तो आवडतो. तीस वर्षांत एकदा तरी तो मित्रांखेरीज कोणाला तरी सांगायला हवा. ती हसली आणि ‘हे सिनेमात का नव्हतं?’ असे तिने स्वतःहून विचारले, तर पुस्तक कुठे आहे ते तिला ठाऊक असेलच.

राहिला टॉवेलचा बेत. ॲडम्स गेल्यानंतर दोनच आठवड्यांनी, २५ मे २००१ रोजी, चाहत्यांनी त्यांच्या आठवणीसाठी हा दिवस पहिल्यांदा पाळला. विश्वात भटकणाऱ्या माणसापाशी टॉवेलइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही, असे पुस्तकात सांगितलेले आहे. अवश्य जा. मे अखेरच्या ठाण्यातल्या घामात खांद्यावर टॉवेल टाकलेल्या चार माणसांकडे तलावपाळीला कोणी वळूनही बघणार नाही, त्यामुळे संकोचाचे काही कारण नाही. मुलीला बोलावून बघा. आली तर तिला चाहती म्हणून येऊ द्या, परीक्षार्थी म्हणून नव्हे, आणि कोणी तिला ‘पुस्तक वाचलंस का?’ असे विचारू लागला तर मध्ये पडून विषय बदलण्याची जबाबदारी तुमची. वाशीच्या मित्रालाही तेवढे आधीच फोनवर बजावून ठेवा, आणि चित्रपटावर मत द्यायचे असेल तर आधी उरलेला अर्धा बघून ये म्हणावे. व्हेल मासा त्या अर्ध्यात आहे.